पाटणादेवीच्या कातळावर चढणारा छोटा वटवट्या: ओळख, सवयी आणि खान्देशातले त्याचे भाऊबंद

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. मी चाळीसगावचा. मोठे पक्षी, पाणपक्षी, शिकारी पक्षी बऱ्यापैकी ओळखता येतात, पण थंडीत येणारे हे मातकट, बोटभर वटवटे काही केल्या हाती लागत नाहीत. पुस्तकात सगळे सारखेच दिसतात.

परवा पाटणादेवीला गेलो होतो. देवळामागून कन्हेरगडाकडे जाणाऱ्या वाटेवर काळ्या कातळाचा एक टप्पा आहे. सकाळी तिथे ऊन आलं तसा एक पक्षी दिसला. चिमणीहून बराच लहान. वरून राखाडी तपकिरी, पोट मळकट पिवळं, डोळ्यावर पिवळी भुवई. नवल वाटलं ते त्याच्या चालीचं. तो झाडावर नव्हताच. उभ्या दगडावर तिरका चढायचा, भेगेत चोच घालायचा, पुढच्या धोंड्यावर उडी मारायचा. एका भेगेतून त्याने कोळ्याची पांढरी गुंडाळी ओढून काढली आणि तिथेच दगडावर आपटून खाल्ली. नंतर सालईच्या खोडावर गेला आणि तिथेही खोडाला चिकटूनच वर सरकत राहिला. आवाज एकदाच ऐकला, बारीक, एकसुरी 'टिप'.

फोटो हलले आहेत. पंखावर पट्टी आहे की नाही ते फोटोत नीट कळत नाही, पण दुर्बिणीतून मला तरी दिसली नाही. चिफचॅफ असेल का? की टिकेल्स लीफ वॉर्बलर? नाव सांगाच, पण ते कशावरून ओळखलं तेही सांगा. मला ते शिकायचंय.

केळीबाग
आमच्या रावेरकडे केळीच्या बागेत असले बारके पक्षी लई असतात भाऊ. शिंपी नाही ना हा? शिंपीसुद्धा सारखा खालीवर करत असतो.

गिरणाकाठ
शिंपी नाही दादा. शिंपीच्या डोक्यावर तांबूस टोपी असते आणि शेपटी उभी असते. याची शेपटी आखूड, सरळ, अंगाच्या रेषेत होती.

सातपुडी
गिरणाकाठ, तुम्ही पक्षी काय करत होता ते आधी लिहिलंत आणि रंग मागाहून, हे फार चांगलं केलंत. लहान वॉर्बलरच्या बाबतीत तोच क्रम लावायचा. रंग उन्हात एक दिसतो, सावलीत दुसरा, मोबाइलच्या फोटोत तिसरा. बसायची जागा आणि फिरायची पद्धत सहसा बदलत नाही.

नाव सांगण्याआधी एकेक गोष्ट बाजूला काढत जाऊ, म्हणजे पुढच्या वेळी कामी येईल.

पहिली गोष्ट शेपटी. राखी वटवट्या, साधा वटवट्या, रान वटवट्या हे सगळे प्रिनिया. त्यांची शेपटी लांब, टोकाकडे पायऱ्यापायऱ्यांची, आणि ती ते सारखी उभारतात, हलवतात. हे पक्षी इथलेच, बारमाही. तुमच्या पक्ष्याची शेपटी आखूड आहे, म्हणजे प्रिनिया गेले. उरले थंडीचे पाहुणे. त्यात तीन घराणी ध्यानात ठेवली की जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांतलं बरंचसं काम होतं. फायलोस्कोपस म्हणजे पर्ण वटवटे, हे लहान, चपळ, बारीक चोचीचे. अक्रोसेफेलस म्हणजे बोरूतले आणि झुडपांतले, थोडे मोठे, चपट्या कपाळाचे, लांब चोचीचे. आणि इडूना, म्हणजे बूटेड आणि साइक्स, बाभळीतले फिक्के तपकिरी. शुभ्रकंठी वेगळाच, त्याचा करडा मुखवटा आणि पांढरा गळा लगेच कळतो.

तुमचा पक्षी पर्ण वटवट्यांतला वाटतो. आता मला तीन गोष्टी सांगा. डोळ्याच्या पुढची भुवई आणि मागची भुवई एकाच रंगाची होती का? पाठीवर कुठे हिरवी झाक होती का? शेपटी खाली झटकत होता का?

धुळेकर मास्तर
पट्टी नाही आणि पोट पिवळं, म्हणजे टिकेल्सचा विचार करायलाच हवा. टिकेल्स हिमालयातून हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतो आणि सह्याद्रीत तो नेहमीचा आहे. पण त्याला ओलसर जागा, दाट झुडपं लागतात. पाटणादेवीच्या ओढ्याकाठी शोधला तर समजू शकतो, उघड्या कातळावर मात्र तो बसणार नाही. म्हणून ताईंनी विचारलेल्या पाठीच्या रंगाला फार महत्त्व आहे. टिकेल्सची पाठ हिरवट असते आणि पोट स्वच्छ पिवळं. मळकट नाही.

गिरणाकाठ
ताई, फोटो मोठे करून पाहिले. भुवई डोळ्याच्या पुढे, चोचीच्या मुळाशी, गर्द पिवळी आहे, जवळजवळ केशरीकडे झुकणारी. डोळ्याच्या मागे ती फिकट होत जाते. पाठीवर हिरवं काहीच नाही, पूर्ण राखाडी तपकिरी. कुशीला थोडी बदामी छटा आहे. शेपटी झटकताना पाहिली नाही.

सातपुडी
मग तुमचा पक्षी सल्फर-बेलीड वॉर्बलर. फायलोस्कोपस ग्रिसिओलस. मला यात शंका नाही.

पुराव्यांचं वजन सांगते. पंखावर पट्टी नाही, म्हणून ग्रीनिश आणि ह्यूम्स हे दोन पर्ण वटवटे गेले. ग्रीनिशला एक बारीक फिकट पट्टी असते, कधीकधी पिसं झिजून ती दिसेनाशी होते, पण त्याची पाठ हिरवट आणि पोट पांढुरकं, शिवाय तो झाडाच्या शेंड्यात वावरतो. ह्यूम्सला दोन पट्ट्या, त्यातली एक ठळक. चिफचॅफचे पाय आणि चोच काळी, अंगावर पिवळं जवळपास नाही, आणि तो शेपटी सारखी खाली झटकतो. टिकेल्सचं मास्तरांनी सांगितलंच. उरतो तो राखाडी पाठीचा, पुढून गर्द पिवळ्या भुवईचा, मळकट पिवळ्या पोटाचा एकच.

पण समजा तुम्हाला यातला एकही रंग दिसला नसता, नुसता दगडावर चढणारा, खोडाला चिकटून सरकणारा बारीक पक्षी दिसला असता, तरी मी हेच नाव सगळ्यात आधी घेतलं असतं. बाकीचे पर्ण वटवटे पानापानांत फिरतात, डहाळीच्या टोकाला लटकतात, पानाखालचा किडा टिपायला क्षणभर हवेत थरथरतात. हा दगड, खोड, जमीन आणि पडक्या भिंती धरून राहतो. खोडावर तो अनेकदा नटहॅचसारखा, म्हणजे खोडाला चिकटून चालणाऱ्या त्या पक्ष्यासारखा, तिरका फिरताना दिसतो.

असं का, तेही त्याच्या उन्हाळ्यातल्या घरावरून समजतं. हा पक्षी अल्ताई, तियानशान, अफगाणिस्तानचे डोंगर आणि आपल्या लडाख-काश्मीरकडच्या उंच कोरड्या उतारांवर पिलं काढतो. तिथे झाडं नाहीत. दगड आणि गुडघाभर झुडपं, एवढंच. तेव्हा थंडीत तो दाट जंगल शोधत नाही. त्याला दगड हवा, भेगा हव्यात, मधूनमधून झाड असलं तरी चालतं. मध्य आणि पश्चिम भारतातले कोरडे पानगळीचे खडकाळ डोंगर ही त्याची हिवाळ्यातली जागा. सप्टेंबरच्या शेवटाला, ऑक्टोबरात उतरायला लागतो, मार्च-एप्रिलात परत निघतो. अजिंठ्याची रांग आणि सातपुडा, दोन्हीकडे त्याला हवं ते आयतं मिळतं.

गिरणाकाठ
मनापासून आभार ताई. आता पुन्हा जाईन तेव्हा आधी कातळ बघेन, मग झाड.

पांझरा
गिरणाकाठ भाऊ, तुन्हा पक्षी लळिंगले बी शे. किल्ल्याच्या पडक्या तटबंदीवर थंडीत हमखास असतो. खालून चढताना झाडीत शोधायचा नाही. वर गेलं की टाक्यांजवळच्या भिंती आणि पडलेले दगड बघायचे. भिंतीच्या सांदीत शिरतो, चार हात पुढे दुसऱ्या सांदीतून निघतो. माणूस स्थिर बसला तर अगदी जवळ येतो. एकदा माझ्या बुटापासून हातभर अंतरावर होता. त्या अंतरावरून भुवईचा पुढचा पिवळा ठिपका असा काही दिसतो की बाकी रंग बघायची गरजच उरत नाही. चोचीचा खालचा भागही फिकट पिवळट दिसला. सावली भिंतीवर आली की तो पलीकडच्या उन्हातल्या बाजूला जातो. ऊन लागलेल्या दगडावर किडे लवकर हलायला लागतात, त्यामुळे असेल.

धुळेकर मास्तर
पांझरा, अगदी बरोबर निरीक्षण. लळिंगच्या कुरणात खाली बाभूळ, हिवर, बोरी आहेत आणि वर दगड. एकाच सकाळी खाली शुभ्रकंठी आणि वर सल्फर-बेलीड अशी दोघांची हजेरी लावता येते. शाळेच्या मुलांना दाखवायला याहून सोपी जागा धुळ्याजवळ नाही. अधिवास बदलला की पक्षी बदलतो, हे वर्गात सांगून जेवढं पटत नाही तेवढं त्या एका चढणीवर पटतं.

तापीतीर
धाग्यात चिफचॅफचा उल्लेख आला म्हणून हतनूरबद्दल लिहितो. धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, पाणकणसात आणि काठच्या बाभळींवर चिफचॅफ थंडीत भरपूर. आपल्याकडे येतात ते सैबेरियाकडचे, तपकिरी रंगाचे. काळे पाय आणि शेपटीचा झटका पाहिला की झालं. ओरडतोही उदास, एकच लांब 'वीऽप'. पाण्यावरून उडणारे चिलटं टिपायला सारखा बाहेर झेपावतो आणि परत येतो.

त्याच पाणकणसात आत शिरलेला, कर्कश ओरडणारा मोठा वटवट्या म्हणजे क्लॅमरस रीड वॉर्बलर. आवाजाने काठ दणाणून सोडतो, दिसायला मात्र वेळ लागतो. ब्लिथ्स रीड वॉर्बलरला, नाव काहीही असो, बोरू लागत नाही. तो गावाच्या कुंपणात, लिंबाच्या बागेत, कढीपत्त्याच्या झुडपातही बसतो. अडकित्त्याने सुपारी फुटावी तसा 'टक' आवाज झुडपातून आला की तोच, पक्षी न दिसताही लिहून टाकावं इतका तो ठरलेला आहे.

केळीबाग
मग आता माझा प्रश्न घ्या. आमच्या शेताच्या बांधावर दोन जुन्या बाभळी आणि खाली बोरीचं जाळं आहे. तूर आणि हरभऱ्याचं रान लागून. त्यात एक फिक्का तपकिरी पक्षी रोज असतो. ना पट्टी, ना पिवळं, ना हिरवं. पोट मळकट पांढरं. भुवई आहे पण आखूड. 'चक, चक' करतो, पण तापीतीर सांगतात तेवढा जोरात नाही. सकाळी तुरीत खाली असतो, कधी हरभऱ्यात जमिनीवर उतरतो. दुपारी बोरीत. हा इडूना का?

सातपुडी
केळीबाग दादा, वर्णन इडूनाचंच आहे. बूटेड की साइक्स, हा खरा अवघड प्रश्न. हिंदुस्थानभरचे अनुभवी लोकही यावर थांबून विचार करतात.

बूटेड जरा लहान, चोच आखूड, डोकं गोलसर. भुवईच्या वरच्या कडेला अस्पष्ट काळपट रेघ असते, त्यामुळे भुवई उठून दिसते. पाय तपकिरी पण पंजा जास्त गडद. तो खाली वावरतो, विरळ झुडपं, पिकं, अगदी जमिनीवरसुद्धा. साइक्सची चोच लांब, शेपटी लांब, रंग जास्त करडा आणि फिका, चेहरा कोरा दिसतो. तो बाभळीत वर, पानांच्या आत वावरतो. दोघांच्याही शेपटीच्या कडेच्या पिसांना फिकट किनार असते आणि ब्लिथ्स रीडला ती नसते. त्यामुळे आधी तेवढं ठरवून घ्यायचं. ब्लिथ्स रीडची शेपटीही टोकाला गोल, या दोघांची चौकोनी.

तुमचा पक्षी तुरीत खाली आणि हरभऱ्यात जमिनीवर म्हणताय, म्हणजे पारडं बूटेडकडे. पण चोचीचा बाजूने स्वच्छ फोटो येईपर्यंत मी नोंदीत 'बूटेड किंवा साइक्स' असंच लिहीन. ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, तशी सोय आहे आणि तशी नोंद पूर्ण प्रामाणिक आणि उपयोगाची असते. ओढूनताणून एक नाव चिकटवलेली नोंद पुढच्या माणसाची दिशाभूल करते.

धुळेकर मास्तर
साइक्सबद्दल थोडं. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दख्खनमध्ये होते. त्यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यात या वटवट्याचं वर्णन करून त्याला रामा असं नाव दिलं. आजही त्याचं शास्त्रीय नाव इडूना रामा आहे. माळावरचा लाल तपकिरी तुरेवाला चंडोलही त्यांनीच त्याच वर्षी नोंदवला, तो गॅलेरिडा देवा. म्हणजे ज्या बाभळीतल्या पक्ष्यावर आपण इथे बोलतोय त्याची पहिली शास्त्रीय ओळख दख्खनमध्येच झाली. त्याची पिलं मात्र इराण, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान या पट्ट्यात होतात. बूटेड रशियापासून कझाकस्तान, मंगोलियापर्यंत. दोघं उन्हाळ्यात इतके लांब आणि थंडीत एकाच बांधावर, हे मला फार विलक्षण वाटतं.

अनेर
बांधाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी शिरपूर भागात वनखात्याच्या कामावर असतो, आणि गावात शेतीही आहे. गेल्या काही वर्षांत जेसीबी गावोगाव आला तसे बांध बारीक होत चालले. बाभूळ, हिवर, बोर, हेंकळ सगळं उपटून एका दिवसात सपाट. दोन फूट जास्तीचं रान मिळतं. पण तुरीवरच्या अळ्या आणि कपाशीवरचे तुडतुडे, मावा खाणारे हे सगळे पक्षी राहतात त्याच झुडपात. दिवसभर त्यांचं तेच काम चालू असतं. केळीबाग दादांच्या बांधावर दोन बाभळी आहेत म्हणून तो पक्षी रोज दिसतोय. त्या गेल्या तर तो दिसणार नाही, एवढं साधं आहे.

डोंगराकडची गोष्ट वेगळी पण दुःख तेच. कातळ, मुरमाड उतार, विरळ सालई आणि धावडा, याला आपल्याकडे पडीक म्हणायची रीत आहे. पडीक म्हटलं की तिथे खडी क्रशर चालतो, डबर निघतं, नाहीतर खड्डे खणून भलतीच रोपं लावली जातात. गिरणाकाठ भाऊंनी पाहिला त्या पक्ष्याला दाट झाडी नको आहे. त्याला तोच उघडा दगड हवा आहे. पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात असल्याने तिथला कातळ सुरक्षित आहे. अभयारण्याबाहेरच्या टेकड्यांना तसं कोणी नाही.

आणि फेब्रुवारीनंतरचा वणवा. गवत पेटवलं की चारा चांगला येतो असा समज पक्का आहे. खडकाच्या सांदीतले कोळी, अंडी, सुरवंट सगळं त्यात जातं, आणि नेमकं त्याच महिन्यांत या पक्ष्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असते. गावातल्या बैठकीत मी हे सांगतो तेव्हा वाघ-बिबट्याचं नाव घेतल्याशिवाय कोणी ऐकत नाही. पण दहा ग्रॅमही वजन नसलेला पक्षी हिमालय ओलांडून आपल्या टेकडीवर येतो, हे एकदा दुर्बिणीतून दाखवलं की पोरं ऐकतात.

पांझरा
अनेर भाऊ, एकदम खरं. हे वाचून आमच्या ग्रुपवर टाकतोय.

केळीबाग
बाभळी माझ्या आज्याने राखल्या आहेत, त्या जाणार नाहीत. शेजारच्या बांधाचं मी सांगू शकत नाही, पण बोलून बघतो. त्याची तूर माझ्या तुरीला लागूनच आहे, अळी दोघांचीही सारखीच.

तापीतीर
अनेर, आपल्या भागाचं दुर्दैव हेही आहे की सातपुड्यात बघायला माणसंच कमी आली. रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षं कोणाला सापडला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा दिसला तो आपल्याच शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. दिवसाढवळ्या फांदीवर बसणारा पिंगळा जर इतकी वर्षं नजरेतून सुटू शकतो, तर बोटभर वटवट्यांचं काय? तोरणमाळ, यावल, पाल, अनेर इथे थंडीत कोणते वॉर्बलर किती आणि कुठे, याच्या नीट नोंदी ठेवायला हव्यात. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्यात सगळे हतनूरला बदकं बघायला येतात, माझी काही हरकत नाही, पण निम्म्यांनी तरी दुर्बिणी घेऊन डोंगरात जावं.

गिरणाकाठ
तापीतीर, पुढच्या नोव्हेंबरात पाटणादेवी ते पितळखोऱ्याचा कडा माझ्याकडे. तोवर आवाज शिकायचे आहेत. मोबाइलवरचं अॅप वापरावं का? आणि पक्षी बाहेर यावा म्हणून त्याचा आवाज वाजवतात, ते योग्य आहे का?

सातपुडी
आवाज वाजवू नका. मी यावर ठाम आहे. लोकांना वाटतं की गाणं विणीच्या काळात, इलाखा विणीच्या काळात, म्हणजे थंडीत वाजवलं तर काय बिघडतं. ग्रीनिश वॉर्बलर हिवाळ्यातही आपापला इलाखा राखतो. एका निंबाच्या झाडावर एक, त्याच्या पलीकडे दुसरा, आणि दिवसभर 'चिस्ली, चिस्ली' करून ते एकमेकांना हद्द सांगत असतात. तिथे स्पीकरवर तिसरा पक्षी वाजवला की तो खाणं सोडून भांडायला येतो. थंडीचा दिवस आधीच लहान. अंगावर साठा नसलेल्या पक्ष्याचा वेळ आपण फोटोसाठी खर्च करायचा नाही.

अॅप रेकॉर्डिंग करायला चांगलं. नाव सुचवलं तर ती सूचना समजा. 'टिप', 'चक', 'टक' असल्या एका अक्षराच्या आवाजांत यंत्राचाही गोंधळ होऊ शकतो. रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि सोबत पक्षी किती उंचीवर होता, पानात होता की खोडावर, हे लगेच लिहा. घरी गेल्यावर लिहिलेलं भरवशाचं राहत नाही.

धुळेकर मास्तर
ग्रीनिशवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या अंगणातल्या निंबावर ओरडणारा हा पक्षी उत्क्रांतीच्या अभ्यासात जगप्रसिद्ध आहे. तिबेटच्या पठाराभोवती त्याच्या वसाहतींचं कडं आहे. हिमालयापासून पश्चिमेकडून उत्तरेला जा किंवा पूर्वेकडून उत्तरेला जा, शेजारच्या शेजारच्या पक्ष्यांचं गाणं थोडंथोडं बदलत जातं. सैबेरियात दोन्ही टोकं भेटतात, तेव्हा ती एकमेकांचं गाणं ओळखत नाहीत आणि जोड्याही जमत नाहीत. डॅरेन अर्विन, स्टाफन बेन्श आणि ट्रेव्हर प्राइस यांनी हे २००१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं. यातल्या पश्चिमेकडच्या टोकाचे पक्षी आपल्याकडे हिवाळा काढतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी शाळेच्या अंगणातला निंब दाखवून हे सांगतो. पुस्तकातला धडा त्यांच्या डोक्यावर ओरडत असतो, आणि कुठल्या मुलाने वर पाहिलं की मला फार बरं वाटतं.

केळीबाग
मास्तर, आमच्याकडे निंब आहे, उद्याच कान देतो. ताई, तुम्ही सांगितलं तसं आज बांधावर बसलो. पक्षी हरभऱ्यातून उडून तुरीत गेला तेव्हा शेपटीच्या दोन्ही कडा फिकट दिसल्या. चोच आखूड वाटली, डोकं गोल. भुवईवर रेघ होती का ते नाही सांगता येत, ऊन समोरून होतं. फोटो टाकलाय.

सातपुडी
छान काम दादा. फोटोत चोच तिरकी आली आहे. कडा फिकट आहेत, शेपटी टोकाला चौकोनी आहे, म्हणजे ब्लिथ्स रीड नक्की बाद. आखूड चोच, गोल डोकं आणि जमिनीलगतचं वावरणं हे सगळं बूटेडच्या बाजूने आहे. तरी आज मी 'बूटेड किंवा साइक्स, बहुधा बूटेड' इतकंच म्हणेन. दुपारी ऊन पाठीवर घेऊन बोरीच्या बाजूला बसा. तो परत येण्याची वाट बघा आणि बाजूने चोच मिळाली की इथे टाका. याच बाभळीत वर, शेंड्याकडे, लांब चोचीचा फिक्का करडा दिसला तर तोही टिपा, कारण दोघं एका झाडाच्या दोन मजल्यांवर असू शकतात.

अनेर
आणि दादा, ती बोर यंदा छाटू नका. छाटायचीच असेल तर एप्रिलनंतर.

केळीबाग
नाही छाटत.